पीटर तत्त्व

पीटर तत्त्व हा व्यवस्थापनशास्त्रातील एक सिद्धान्त आहे. श्रेणीबद्ध रचना असलेल्या संस्थेत कर्मचाऱ्याला पदोन्नती मिळत जाते आणि अखेर तो अशा पदावर पोहोचतो, जे सांभाळण्याची क्षमता त्याच्याकडे नसते, असे हे तत्त्व सांगते. कॅनडात जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स जे. पीटर (१९१९–१९९०) यांनी ते मांडले. नाटककार रेमंड हल यांच्यासह त्यांनी लिहिलेले 'द पीटर प्रिन्सिपल' हे इंग्रजी पुस्तक १९६९ साली प्रकाशित झाले. पुस्तकाची शैली उपरोधिक आहे, परंतु त्यातील मूळ विचार पुढे गंभीर संशोधनाचा विषय ठरला.

स्वरूप

पदोन्नती बहुधा सध्याच्या पदावरील कामगिरी पाहून दिली जाते. नव्या पदाला लागणारी कौशल्ये मात्र वेगळी असू शकतात. उत्तम गणित शिकवणारा शिक्षक मुख्याध्यापक झाला, की त्याचा दिवस वेळापत्रके, हिशेब, पालकांच्या तक्रारी आणि सहकाऱ्यांमधील तंटे यांत जातो. ही कामे त्याला जमली नाहीत तर पुढील पदोन्नती थांबते. पदावनती क्वचितच होत असल्याने तो तेथेच राहतो. शाळा चांगला शिक्षक गमावते आणि तिला चांगला मुख्याध्यापकही मिळत नाही. यावरून पीटर यांनी असा निष्कर्ष काढला, की कालांतराने प्रत्येक पद अक्षम व्यक्तीकडे जाण्याची प्रवृत्ती असते आणि संस्थेचे काम अद्याप त्या पातळीला न पोहोचलेले कर्मचारी पार पाडतात.

येथे अक्षमता म्हणजे आळस किंवा मंदबुद्धी नव्हे. माणूस तोच असतो, काम बदललेले असते. नव्याने प्रमुख झालेला अभियंता हाताखालच्यांची रेखाचित्रे स्वतःच पुन्हा काढू लागतो, तेव्हा तो आपल्याला येत असलेल्या कामाकडे परतत असतो. त्यामुळे इतरांना शिकण्याची संधी मिळत नाही आणि त्याचे स्वतःचे नवे कामही पडून राहते.

पदोन्नती टाळण्यासाठी पीटर यांनी 'सर्जनशील अक्षमता' हा मार्ग सुचवला: मुख्य कामाला बाधा न आणणारा एखादा दोष मुद्दाम दाखवत राहावे. सल्ला थट्टेचा असला तरी त्यामागील अडचण खरी आहे. पदोन्नती नाकारणे म्हणजे बहुतेक ठिकाणी पगारवाढ आणि प्रतिष्ठा नाकारणे होय.

संशोधन

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लेझिअर यांनी २००४ मध्ये या घटनेचे संख्याशास्त्रीय स्पष्टीकरण दिले. चांगल्या कामगिरीत योगायोगाचाही वाटा असतो आणि पदोन्नतीनंतर तो टिकेलच असे नाही. म्हणून क्षमता जराही कमी न होता कामगिरी घसरलेली दिसते. इटलीतील प्लुकिनो, रापिसार्दा आणि गारोफालो यांनी संगणकीय प्रतिमानाद्वारे दाखवले, की नव्या पदावरील क्षमतेचा जुन्या पदावरील क्षमतेशी संबंध नसेल, तर सर्वोत्तम कर्मचाऱ्यांना बढती देण्यापेक्षा यादृच्छिक निवड संस्थेला अधिक लाभदायक ठरते. या कामाला २०१० चा इग्नोबेल पुरस्कार मिळाला.

प्रत्यक्ष माहितीवर आधारित महत्त्वाचा अभ्यास ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू यांचा आहे. त्यांनी २१४ अमेरिकन कंपन्यांतील विक्री कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. अधिक विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती. परंतु बढतीपूर्वी दुप्पट विक्री केलेल्या व्यवस्थापकाच्या हाताखालील कर्मचाऱ्यांच्या कामगिरीत सुमारे ७.५ टक्के घट आढळली. इतरांच्या साथीने विक्री करण्याचा अनुभव असलेले कर्मचारी अधिक चांगले व्यवस्थापक ठरले. तरीही कंपन्यांची ही निवड सर्वस्वी अविचारी म्हणता येत नाही: बढतीची आशा हीच विक्रेत्यांना मेहनतीस प्रवृत्त करते, असे हे संशोधक नमूद करतात.

टीका आणि उपाय

या तत्त्वात क्षमता जणू स्थिर मानली आहे, हा त्यावरील मुख्य आक्षेप होय. व्यक्ती नव्या पदावर शिकू शकते. मात्र त्यासाठी प्रशिक्षण आणि अवधी लागतो. अनेक संस्था तज्ज्ञांसाठी व्यवस्थापनाला समांतर अशी दुसरी श्रेणी ठेवतात, जेणेकरून माणसे सांभाळण्याची जबाबदारी न घेताही वेतन आणि दर्जा वाढतो. भारतातील शासकीय वैज्ञानिक विभागांत 'फ्लेक्सिबल कॉम्प्लिमेंटिंग स्कीम' या योजनेनुसार वरचे पद रिक्त असण्याची वाट न पाहता, मूल्यमापनाच्या आधारे वैज्ञानिकांना वरची श्रेणी दिली जाते.