तेरेझीनमधील ‘वेदेम’ : विद्यार्थी-साप्ताहिकातील नेतृत्व आणि संघभावना (१९४२–१९४४)

प्रास्ताविक

विद्यार्थ्यांनी चालविलेल्या नियतकालिकांचा अभ्यास बहुधा त्यांतील साहित्याच्या अंगाने केला जातो. ज्या मंडळाने ते नियतकालिक चालविले, त्या मंडळाच्या घडणीकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. मजकूर कोणी मिळविला, न लिहिणाऱ्यांना लिहिते कोणी केले, शिक्षकाने कोठे हात दिला आणि कोठे आवरता घेतला, हे प्रश्नही इतिहासाचेच आहेत. प्रस्तुत लेखात दुसऱ्या महायुद्धकाळातील ‘वेदेम’ या हस्तलिखित साप्ताहिकाच्या आधारे त्यांचा विचार करावयाचा आहे. ‘वेदेम’ म्हणजे चेक भाषेत ‘आम्ही आघाडीवर आहोत’. हे साप्ताहिक काढणारी मुले तेरा ते पंधरा वर्षांची होती आणि बंदिवासात होती.

पार्श्वभूमी

तेरेझीन हे प्रागच्या उत्तरेस असलेले, अठराव्या शतकात वसविलेले तटबंदीचे लष्करी नगर. नोव्हेंबर १९४१ पासून नाझी राजवटीने त्याचे रूपांतर ज्यूंच्या बंदिस्त वस्तीत केले. १९४५ पर्यंत तेथे सुमारे १,४०,००० ज्यूंना आणण्यात आले. त्यांपैकी सुमारे ३३,००० तेथेच उपासमारीने व रोगराईने मरण पावले, तर सुमारे ८८,००० जणांची पूर्वेकडील मृत्युछावण्यांत व वस्त्यांत रवानगी झाली. मुलांना रीतसर शिक्षण देण्यास तेथे बंदी होती. म्हणून अध्यापन चोरून चाले. ‘एल ४१७’ ही एकेकाळची शाळेची इमारत मुलग्यांच्या निवासासाठी वापरली जाई आणि तिच्यातील प्रत्येक खोली हे एक स्वतंत्र ‘घर’ मानले जाई. ‘वेदेम’ निघाले ते क्रमांक एकच्या घरातून.

शिक्षकाची भूमिका

या घराचे प्रमुख वाल्टर आयझिंगर हे तिशीच्या आतील शिक्षक होते. ते मुलांबरोबर त्याच खोलीत राहत. पेट्रोग्राडमधील अनाथ व उनाड मुलांच्या एका शाळेची हकीकत त्यांनी मुलांना सांगितली होती. दोस्तोयेव्हस्कीचे नाव असलेल्या त्या शाळेतील मुलांनी आपल्या संस्थेला ‘श्कीद प्रजासत्ताक’ म्हटले होते. क्रमांक एकच्या मुलांनी तेच नाव घेतले, स्वशासन स्थापन केले आणि वाल्टर रोथ या मुलाला अध्यक्ष निवडले. ग्रंथावरून ताऱ्याकडे झेपावणारे अवकाशयान हे त्यांचे बोधचिन्ह ठरले.

साप्ताहिक निघाले ते या स्वशासनाच्या पाठोपाठ, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. मुलांना आधी ‘आपण’ म्हणून एक नाव, एक चिन्ह व एक जबाबदारी मिळाली आणि त्या ‘आपण’चे मुखपत्र म्हणून ‘वेदेम’ जन्मास आले. आयझिंगर यांनी त्यात स्वतः लेखन केले, परंतु संपादकाची खुर्ची घेतली नाही. शिक्षक लेखकांच्या पंक्तीत बसला आणि निर्णय मुलांच्या हाती राहिला. अधिकाराचा हा संयम संघभावनेचा पहिला पाया होय.

संपादकाचे कार्य

संपादक होता पेत्र गिन्झ. १ फेब्रुवारी १९२८ रोजी प्रागमध्ये जन्मलेला हा मुलगा ऑक्टोबर १९४२ मध्ये तेरेझीनला आला, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. पहिला अंक १८ डिसेंबर १९४२ चा. तेव्हापासून १९४४ च्या उन्हाळ्यापर्यंत दर आठवड्यास अंक निघत राहिला आणि एकूण पृष्ठसंख्या सुमारे ८०० झाली. आरंभीचे अंक टंकलिखित होते. टंकयंत्राची फीत संपल्यावर ते हाताने लिहिले जाऊ लागले. प्रत्येक अंकाची प्रत एकच असे.

मजकूर दर आठवड्यास आपोआप जमत नसे. उपाशी, थकलेल्या मुलांकडून तो मिळविण्यासाठी गिन्झ पाठपुरावा करी आणि प्रसंगी घरून आलेल्या खाऊच्या पुडक्यातील वाटा देऊन लेख पदरात पाडून घेई, असे वाचलेल्या सहकाऱ्यांनी नमूद केले आहे. तरीही पाने रिकामी राहिली, तर तो निरनिराळ्या टोपणनावांनी स्वतः लिही. जेथे भाकरीचा तुकडा हेच चलन होते, तेथे लेखाचे मोल अन्नाने चुकविणे म्हणजे लेखन ही जगण्याइतकीच आवश्यक गोष्ट आहे, हे कृतीने सांगणे होते. परंतु याच तपशिलाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अंकाची नियमितता बऱ्याच अंशी एका मुलाच्या जिद्दीवर उभी होती. सामूहिक उपक्रमांच्या इतिहासात हे वारंवार आढळते. संघ सर्वांचा असतो. तथापि तो टिकतो तो आपल्या वाट्याहून अधिक करणाऱ्या कोणामुळे तरी.

शुक्रवारचे वाचन

अंक भिंतीवर लावण्याची प्रथा आरंभी होती, परंतु एस. एस. अधिकाऱ्यांच्या तपासणीत तो सापडण्याचा धोका ओळखून ती सोडून देण्यात आली. त्याऐवजी शुक्रवारी सायंकाळी सर्व मुले एकत्र बसत आणि अंक मोठ्याने वाचला जाई. संकटातून निघालेल्या या तोडग्याचा परिणाम दूरगामी ठरला. भित्तिपत्रक एकेकटा वाचतो. वाचन सर्वांसमक्ष होते. लेखकाला दाद वा नापसंती तत्काळ कळे आणि न लिहिणाराही श्रोता म्हणून अंकाचा भागीदार होई.

मजकुरातही ही मोकळीक दिसते. कविता, विनोद, परस्परांवरील टीका यांबरोबरच ‘तेरेझीनमधील भटकंती’ या सदरात गिन्झ वस्तीतील स्थळांची माहिती एखाद्या वार्ताहराच्या चिकित्सेने देई. त्यातून शवदाहगृहही सुटले नाही. हनुश हाखेनबुर्ग याच्यासारखा कवी याच मंडळात पुढे आला. संघभावना म्हणजे एकमत, असा अर्थ या मुलांनी कधी घेतला नाही.

अखेर आणि वारसा

१९४४ च्या शरद ऋतूत तेरेझीनहून ऑशविट्झकडे गाड्यांमागून गाड्या गेल्या. २८ सप्टेंबर १९४४ च्या गाडीत पेत्र गिन्झ होता. तो परतला नाही. आयझिंगर यांचा जानेवारी १९४५ मध्ये मृत्यू झाला. या घरातून गेलेल्या सुमारे शंभर मुलांपैकी पंधराच्या आसपास वाचली. झ्डेनेक टाउसिग हा मुलगा मात्र तेरेझीनमध्येच राहिला. त्याचे वडील तेथील लोहारशाळेत काम करीत. त्याने सर्व अंक तेथे पुरून ठेवले आणि मे १९४५ मध्ये मुक्ततेनंतर प्रागला नेले. साम्यवादी राजवटीत त्यांचे खुले प्रकाशन होऊ शकले नाही. निवडक भाग १९९५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

गिन्झने रेखाटलेल्या चंद्रावरील दृश्याची प्रतिकृती इस्रायली अंतराळवीर इलान रामोन यांनी ‘कोलंबिया’ यानातून नेली होती. १ फेब्रुवारी २००३ रोजी ते यान नष्ट झाले, तेव्हा त्यात कल्पना चावला याही होत्या. तो गिन्झचा पंचाहत्तरावा जन्मदिन होता.

निष्कर्ष

‘वेदेम’च्या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. मंडळाला अंकापूर्वी स्वत्व मिळाले; शिक्षकाने सहभाग दिला, पण सत्ता घेतली नाही; आणि वाचकसमूह दर आठवड्यास लेखकांसमोर प्रत्यक्ष बसला. आपल्या महाविद्यालयांतील वार्षिक अंक व भित्तिपत्रके अनेकदा संपादक-प्राध्यापकांच्या परिश्रमांवर उभी असतात आणि ‘विद्यार्थी संपादक’ हे पद पहिल्या पानावरील नावापुरते उरते. साधनांची उणीव हे त्याचे कारण म्हणून सांगितले जाते. एकाच प्रतीवर चाललेल्या या साप्ताहिकापुढे ते कारण टिकत नाही. विद्यार्थ्यांचा अंक विद्यार्थ्यांच्या हाती सोपविण्याची आपली तयारी कितपत आहे, हाच खरा प्रश्न आहे.