शाळेतली लोहाची गोळी

सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्याला एक लोहाची गोळी, ही केंद्र सरकारची योजना २०१३च्या सुमाराची. गोळी जेवल्यावर, शिक्षकांसमोर गिळायची. ऑगस्ट २०१८मध्ये गोवंडीत महापालिकेच्या उर्दू शाळेतली बारा वर्षांची मुलगी दगावली, आणि गोळीनेच गेली अशी बोलवा उठली. शेकडो मुलांना राजावाडी, शताब्दी रुग्णालयांत नेलं. प्राथमिक शवविच्छेदनात निघाला क्षयरोग. तरी आपल्या भिवंडीतल्या आया अजून गोळी म्हटलं की दचकतात. मी त्यांना हसत नाही. गोळी कसली, कशासाठी, हे घरी आधी कळायलाच हवं. त्या दिवशी मूल उपाशी धाडू नका. दुसरं औषध चालू असेल तर बाईंना चिठ्ठी द्या. शी काळी झाली तर घाबरू नका, ते लोहामुळे.