कागदावरचे नाव, खांद्यावरचे ओझे
'मूकनायक' ते 'प्रबुद्ध भारत' : वृत्तपत्रे चालविणाऱ्या माणसांचा इतिहास

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी अस्पृश्यांच्या वृत्तपत्रांची दखल फार काळ घेतली नाही. अप्पासाहेब रणपिसे यांनी १९६२ मध्ये 'दलितांची वृत्तपत्रे' लिहून ही उणीव भरून काढण्यास आरंभ केला. गंगाधर पानतावणे यांचा 'पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा ग्रंथ १९८७ मध्ये आला आणि मग या पत्रकारितेकडे पाठ फिरविणे विद्यापीठांनाही अवघड झाले. आता 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांतील अग्रलेखांवर प्रबंध होतात, चर्चासत्रे होतात. ते योग्यच आहे. पण वृत्तपत्र म्हणजे केवळ अग्रलेख नव्हे. कागद उधारीवर कोणी आणला, प्रुफे कोणी तपासली, वर्गणी थकविणाऱ्याच्या दारात कोण जाऊन उभा राहिला, हिशेबाची वही कोणाच्या हातात होती, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. नेत्याचा इतिहास आपण लिहिला. चालकांचा लिहिला नाही. आणि नफ्यासाठी न निघालेले, समाजाच्या पैशावर जगणारे वृत्तपत्र टिकते की बुडते, हे पुष्कळदा या दुसऱ्या मंडळींवरच ठरते.

या परंपरेचा आरंभ बाबासाहेबांपूर्वीचा आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधु' काढला आणि १८८० मध्ये तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत सांभाळला. लोखंडे काही धनिक नव्हते. गिरणीतली नोकरी केलेला हा माणूस १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करता करता गेला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये पुण्यात 'सोमवंशीय मित्र' सुरू केले. देवाला वाहिलेल्या मुलींचा प्रश्न त्यांनी या मासिकात धरून लावला, तेव्हा शिवुबाई या मुरळीने त्यांना आपल्या जिण्याची हकीकत लिहून पाठविली आणि ती छापली गेली. आपल्या साहित्यात आत्मकथनांची चर्चा होते तेव्हा या पत्राची आठवण कोणाला होत नाही, याचे आश्चर्य वाटते. नागपूरकडे किसन फागोजी बनसोडे यांनी 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका', 'चोखामेळा' अशी एकामागून एक पत्रे काढली. एक बंद पडले की दुसरे. त्यांच्या पत्नी तुळसाबाई छापखान्याच्या कामात त्यांच्या बरोबरीने राबत. पहिल्या पिढीचे हे चित्र असे : एक माणूस, त्याचे घर, आणि त्या घराची होणारी ओढाताण. माणूस थकला की पत्र थांबे.

'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी शनिवारी निघाला. पाक्षिक होते. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. शिरोभागी तुकोबांचा अभंग होता. अंक निघणार अशी जाहिरात, तीही पैसे घेऊन, छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे. तिची आर्थिक बाजू मात्र कोणी सांगत नाही. ज्या पत्राची जाहिरात दुसरे पत्र घेत नाही, त्या पत्राला व्यापारी तरी आपली जाहिरात कशाला देईल? म्हणजे जाहिरातींचे उत्पन्न पहिल्या दिवसापासून जवळजवळ मिटले. उरली वर्गणी. ती द्यायची कोणी, तर ज्याला वाचता येत नाही अशा समाजाने! गावातला किंवा चाळीतला एक शिकलेला वाचणार आणि दहा-वीस जण ऐकणार. प्रभावाच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट. पण व्यवस्थापकाच्या वहीत वर्गणीदार एकच.

बाबासाहेब त्या वेळी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. सरकारी नोकरीत असल्याने संपादक म्हणून स्वतःचे नाव घालणे त्यांना शक्य नव्हते. संपादक म्हणून नाव आले पांडुरंग नंदराम भटकर यांचे. अग्रलेख बाबासाहेबांचे, नाव भटकरांचे. या व्यवस्थेला आपण 'नामधारी संपादक' असा शब्द वापरून मोकळे होतो. मला हा शब्द अन्यायाचा वाटतो. १९१० चा प्रेस अ‍ॅक्ट तेव्हा अमलात होता. त्याखाली जामीनकी मागता येई, ती जप्त करता येई, छापखाना बंद पाडता येई. अशा काळात अस्पृश्य समाजातील एक तरुण पत्रावर स्वतःचे नाव घालू देतो, तेव्हा तो नुसते नाव देत नाही. सरकार आणि सवर्ण समाज या दोहोंच्या रोषापुढे स्वतःला उभे करतो. लिहिणाऱ्याची प्रतिभा मोठी होती यात वाद नाही. पण नाव घालणाऱ्याची छातीही मोजली पाहिजे.

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी लंडनला गेले. त्यानंतर 'मूकनायक'ची सूत्रे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांच्याकडे आली. ते आधी व्यवस्थापक होते, आता संपादकही झाले. पुढे ते मुंबईच्या कायदे कौन्सिलवर सरकारनियुक्त सभासद म्हणून गेले. बाबासाहेब आणि त्यांच्यात बेबनाव झाला, आणि १९२३ मध्ये पत्र बंद पडले. या प्रकरणात घोलपांना खलनायक ठरविण्याची एक सोयीस्कर प्रथा आहे. त्यांच्या चुका झाकण्याचे मला कारण नाही. तथापि व्यवस्था कशी होती तेही पाहावे. संपादन, व्यवस्थापन, वर्गणी आणि हिशेब हे सारे एकाच माणसाच्या हाती आले होते. प्रेरणा देणारा पुरुष समुद्रापार, आणि पत्र जाऊन येईतो आठवडेच्या आठवडे लोटत. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना व्हायला १९२४ साल उजाडायचे होते. मग घोलपांना विचारणार कोण? आणि ते प्रामाणिकपणे अडचणीत आले असते, तर त्यांना सावरणार तरी कोण? जेथे जाब विचारणारे मंडळ नसते, तेथे आधार देणारेही नसते. 'मूकनायक' पैशाअभावी बुडाला असे म्हटले जाते. पैशाचा अभाव तर 'जनते'लाही होता. ती का बुडाली नाही?

त्याआधी 'बहिष्कृत भारता'कडे पाहावे लागते. मार्च १९२७ मध्ये महाडचे चवदार तळे झाले आणि ३ एप्रिल १९२७ रोजी हे पाक्षिक निघाले. आता संपादक म्हणून नाव आणि लेखणी दोन्ही बाबासाहेबांची होती. वैचारिकदृष्ट्या हे पत्र आपल्या पत्रकारितेचे शिखर होय. पण चालविण्याच्या दृष्टीने ती एका माणसाची वेठ होती. वकिली, सभा, सत्याग्रहाची तयारी, कायदे कौन्सिलचे काम आणि वर अंकाचे रकानेच्या रकाने एकट्याने भरून काढणे. मोबदला एका पैचाही नाही. १९२८ च्या आरंभी त्यांनी याच पत्रात एक लेख लिहून समाजापुढे हिशेब मांडला. पत्राचे कर्ज हे एका व्यक्तीचे कर्ज नसून ते लोकांचे कर्ज आहे, असा त्याचा आशय. आपल्या चळवळीच्या अर्थकारणावर इतका स्पष्ट लेख क्वचितच लिहिला गेला असेल. तो वाचताना संताप जाणवतो, पण त्याहून अधिक एकटेपणा जाणवतो. नोव्हेंबर १९२९ मध्ये 'बहिष्कृत भारत' थांबले.

दरम्यान एक गोष्ट घडत होती आणि तिच्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. समाज समता संघाचे मुखपत्र म्हणून जून १९२८ मध्ये 'समता' निघाले आणि देवराव विष्णु नाईक त्याचे संपादक झाले. हे पत्र फार दिवस चालले नाही. परंतु त्यातून नियमितपणे अंक काढण्याची सवय असलेली माणसे तयार झाली. भारतभूषण हा स्वतःचा छापखानाही हाताशी आला होता. मग २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' निघाली, देवराव नाईकांच्या संपादकत्वाखाली. आणि त्या दिवशी बाबासाहेब कोठे होते? लंडनला, पहिल्या गोलमेज परिषदेत!

या योगायोगापाशी थोडे थांबले पाहिजे. बाबासाहेब लंडनला गेले आणि 'मूकनायक' विस्कटला. दहा वर्षांनी बाबासाहेब लंडनला असतानाच 'जनते'चा पहिला अंक बाहेर पडला. नेता तोच, समाज तोच, दारिद्र्यही तेच. बदलली होती ती मधली फळी. आता एकाच्या डोक्यावर सारे नव्हते. नाईक होते, भास्कर रघुनाथ कद्रेकर होते, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे होते. बाबासाहेबांची पत्रे तिकडून येत आणि अंकात छापली जात. इकडे अंक त्यांची वाट पाहत अडून बसत नसे. पुढच्याच वर्षी पाक्षिकाचे साप्ताहिक झाले. 'जनता' त्या नावाने १९५६ पर्यंत चालली. येवल्याची घोषणा, पुणे करार, स्वतंत्र मजूर पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन ही सारी स्थित्यंतरे तिच्या रकान्यांतून गेली. १९३६ च्या मुंबई महार परिषदेतले बाबासाहेबांचे धर्मांतरावरचे प्रदीर्घ भाषण 'जनते'ने छापले, म्हणून ते खेड्यापाड्यांत पोहोचले. गावोगावहून अत्याचाराच्या, पाणवठ्याच्या, वतनाच्या तक्रारी येत. लिहिणारे बहुधा शाळामास्तर, एखादा पेन्शनर शिपाई, गिरणीतून सुट्टीवर गेलेला कामगार. त्यांना बातमीदार म्हणून पगार नव्हता, बहुतेकांचे नावही आज आपल्याला सांगता येणार नाही. त्या मजकुरावरून लेखणी फिरवून तो छापण्याजोगा करणारे हात कार्यालयातले होते.

आता एक अवघड प्रश्न. अस्पृश्यांच्या या पत्राच्या संपादकांत नाईक आणि सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते. आजच्या विद्यार्थ्याला हे खटकते, आणि खटकावे असेच आहे. आपले पत्र आपणच का चालवू नये? हा प्रश्न त्या काळीही नवा नव्हता. १९२७ मध्ये केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी महाडच्या सत्याग्रहाला पाठिंबा देऊ केला, पण त्यात ब्राह्मणांना घेऊ नये अशी अट घातली. बाबासाहेबांनी ती अट मान्य केली नाही. आपले वैर ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मण जातीत जन्मलेल्या व्यक्तीशी नव्हे, ही त्यांची भूमिका होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे हेच सहस्रबुद्धे. तेव्हा त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण मला यात दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ही मंडळी पत्राचे चालक झाली, मालक झाली नाहीत. त्यांनी अस्पृश्यांच्या वतीने बोलण्याचा मक्ता घेतला नाही. पत्राची दिशा त्यांच्या हाती नव्हती. राबणूक त्यांच्या हाती होती. सवर्ण सहकाऱ्यांनी दलित चळवळीत कोणत्या जागी उभे राहावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या संपादकीय टेबलावर सापडते. आणि पुढे संपादकपद बापू चंद्रसेन कांबळे आणि यशवंतराव आंबेडकर यांच्याकडे आले. म्हणजे दरम्यानच्या काळात समाजातूनही चालक घडले होते.

४ फेब्रुवारी १९५६ पासून 'जनते'चे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात धर्मांतर झाले आणि डिसेंबरात बाबासाहेब गेले. त्यानंतर यशवंतराव, मुकुंदराव आंबेडकर, दादासाहेब रूपवते, शंकरराव खरात, कद्रेकर यांनी पत्राची धुरा कमीअधिक काळ वाहिली. कद्रेकरांचे नाव येथे पुन्हा येते, हे लक्षात घ्यावे. 'जनते'च्या उमेदीच्या काळातला हा माणूस पडत्या काळातही होता. रिपब्लिकन पक्ष १९५७ मध्ये स्थापन झाला आणि लवकरच 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' अशा गटांत फुटला. दुरुस्त गटाचे नेते होते 'जनते'चे एके काळचे संपादक बी. सी. कांबळे. पक्ष फुटला की मुखपत्र कोणाचे, हा वाद येतोच. वर्गणीदारही फुटतो. एका गटाचा माणूस दुसऱ्या गटाच्या पत्राचे पैसे का भरील? १९६१ मध्ये 'प्रबुद्ध भारत' बंद पडला. परदेशी गेलेल्या नेत्याच्या गैरहजेरीत पत्र टिकविण्याची युक्ती आपण १९३० साली शिकलो होतो. कायमच्या गेलेल्या नेत्याच्या गैरहजेरीत ते कसे टिकवावे, हे मात्र आपल्याला जमले नाही.

मालकीचा प्रश्न तेथेच मिटला नाही. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि तेथील बुद्धभूषण छापखाना पाडण्यात आला. परकी टोळी आली नव्हती. बाबासाहेबांनीच १९४४ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या वतीने हे झाले. जीर्ण वास्तू पाडून मोठी इमारत उभारायची, असे विश्वस्तांच्या बाजूचे म्हणणे. हा छापखाना चळवळीचा ठेवा आहे, तो रात्रीच्या अंधारात पाडण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे विरोधकांचे. १९ जुलै २०१६ रोजी मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. कायद्याने कोण बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. पण ज्यांच्या चार-चार आण्यांतून हे सारे उभे राहिले, त्यांना विचारण्याची कोणतीही रीत आपल्या संस्थांत नाही, एवढे त्या दिवशी उघड झाले. घोलपांना विचारणारे मंडळ नव्हते. विश्वस्त तर स्वतःच मंडळ होते, तरी समाजाला त्यांना विचारण्याची सोय नव्हती. पुढे २०१७ च्या मे महिन्यात प्रकाश आंबेडकर यांनी 'प्रबुद्ध भारत' पुन्हा सुरू केला.

'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांचे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये पुनर्मुद्रित केले, त्यामुळे छापलेला मजकूर आता अभ्यासकाच्या हाताशी आहे. व्यवस्थापकाच्या वह्या, वर्गणीदारांच्या याद्या, छापखान्याची बिले ग्रंथालयांतून अशी मिळत नाहीत. ती लोकांच्या घरांत असतात. ज्यांचे आजोबा 'जनते'चे वर्गणीदार होते, गावाहून तिच्याकडे मजकूर पाठवीत होते, किंवा अंक डोक्यावर घेऊन बाजारच्या दिवशी विकत होते, त्यांनी घरातील ट्रंका उघडाव्यात. जुनी पावती, पोस्टकार्ड, मनिऑर्डरीचे कूपन जे सापडेल ते तारीख आणि गावाचे नाव घालून उतरवून घ्यावे, आणि मूळ कागद जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पोच घेऊन द्यावा. शिक्षकांनी हे काम सुट्टीत विद्यार्थ्यांना वाटून दिले, तर एका जिल्ह्याची यादी वर्षभरात तयार होईल.