परवचा : दिवेलागणीचा अभ्यास

दिवेलागणीला हातपाय धुवायचे, देवापुढे शुभंकरोती म्हणायचे आणि मग ओसरीवर ओळीने बसून परवचा सुरू करायचा. महाराष्ट्रातल्या लिहित्यावाचत्या घरांत लहान मुलांचा घरचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या असाच झाला. वही नाही, पुस्तक नाही. आधी वार, तिथी, चैत्रापासूनचे बारा महिने, २७ नक्षत्रे, कुठे कुठे प्रभव-विभवापासूनची ६० संवत्सरेसुद्धा. मग पाढे, आणि पाढ्यांमागून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. घरातले कोणी वडीलधारे शेजारी बसून ऐकत आणि जीभ अडखळली की पुढचा शब्द पुरवत.

याची नाळ पंतोजींच्या शाळेशी जुळलेली आहे. ती शाळा देवळाच्या ओवरीत नाहीतर कुणाच्या पडवीत भरे. फळीवर धूळ किंवा विटेची भुकटी पसरून केलेल्या धूळपाटीवर काडीने अक्षर काढायचे, पंतोजींनी पाहिले की हात फिरवून पुसायचे. कागद महाग, बोरू आणि दौत हात बसलेल्या मुलांनाच मिळे. लिहिलेले टिकणारच नव्हते, तेव्हा जे टिकवायचे ते तोंडात टिकवावे लागे. म्हणून एक मोठा मुलगा पाढा सांगे आणि बाकीची मुले त्याच्यामागून एका सुरात म्हणत. असे वाळूत लिहिणे आणि मुलांनीच मुलांना शिकवणे दक्षिणेतही होते. मद्रासेत अनाथ मुलांची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी तिथल्या देशी शाळेतली वाळूची अक्षरे पाहिली, आपल्या शाळेत ती रीत उचलली आणि १७९७ साली त्यावर इंग्लंडात पुस्तक काढले. पुढे ‘मद्रास पद्धत’ म्हणून ती तिथल्या गरीब मुलांच्या शाळांत पसरली. आपल्या गावठी शाळांना नावे ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

मुंबई सरकारच्या कौन्सिलातले प्रेंडरगास्ट यांनी १८२१ मध्ये लिहून ठेवले, की इलाख्यात लहानमोठे कुठलेही गाव घ्या, निदान एक शाळा नाही असे क्वचितच. शेतकरी आणि छोटे दुकानदारही हिशेब चोख ठेवतात, हेही त्यांनी नोंदवले. तो चोखपणा कुठून येई, हे औटकी ऐकली की कळते. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा, एकवीस, साडेचोवीस, अठ्ठावीस, साडेएकतीस, पस्तीस. सहा-सात वर्षांचे मूल हे झोपाळ्याच्या झोक्यावर म्हणत असे. साडेतीनाने गुणतो आहोत, याचा त्याला पत्ताही नसे.

या अपूर्णांकांच्या पाढ्यांना जन्म दिला तो बाजाराने. रुपयाचे १६ आणे, आण्याचे चार पैसे; चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. शेराचे निम्मे अच्छेर, त्याचे निम्मे पावशेर, त्याचे निम्मे नवटाक. पैसा असो की माप, सारे निम्म्यानिम्म्याने उतरत जाणारे. हिशेबाच्या वहीतही पावासाठी एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाउणाला तीन: ४। म्हणजे सव्वाचार, ४॥ म्हणजे साडेचार, ४॥। म्हणजे पावणेपाच. अडीच आणे शेराने चौदा शेर धान्य घेतले, तर अडीचकी येणारा मुलगा तिथल्या तिथे पस्तीस आणे म्हणे, आणि लगेच दोन रुपये तीन आणे. परवच्यातले ओझे हे असे कामाचे ओझे होते. संध्याकाळी पाठ केलेले सकाळी दुकानात उपयोगी पडे.

ही रीत साऱ्या महाराष्ट्राची होती असे मात्र म्हणता येणार नाही. पंतोजींच्या शाळेत मुख्यतः ब्राह्मण, प्रभू आणि वाणीउदमी घरांतले मुलगे बसत. त्यांच्या बहिणी आतल्या खोलीत काम करता करता ऐकत, पण त्यांना कुणी म्हणून दाखव म्हणत नसे. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते, त्यांच्या दारापर्यंत धूळपाटी पोहोचलीच नाही. १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा या भिंतीला पहिला मोठा तडा गेला. घरात पाठ घेणारे कुणी नाही अशा मुलाचे काय, हा प्रश्न परवच्याने कधी विचारला नाही. गृहपाठाने तरी तो कुठे विचारला?

सरकारी शाळा, छापील क्रमिक पुस्तके, दगडी पाटी आणि मग वही आली, तसा घरचा अभ्यास शाळेच्या हुकमाखाली गेला. तरी पावकी-निमकी अंकलिपीच्या पानांवर बराच काळ तग धरून होती. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. पुढच्या पाचेक वर्षांत शेराची जागा किलोने घेतली. औटकीला बाजारात गिऱ्हाईक उरले नाही. एका पिढीत ती आजोबांपुरती राहिली.

मागे राहिला तो वहीतला गृहपाठ. लहानग्यांच्या पाठीवरचे हे ओझे यशपाल समितीने १९९३ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत मांडले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये असे कळवले आणि २०२० च्या दप्तर धोरणातही तेच आले. मला हे मनापासून पटते. सहा वर्षांच्या मुलाने दिवसभर वर्गात बसून पुन्हा रात्री चार ओळी गिरवाव्यात, यात त्याच्या हाताचे दुखणे तेवढे वाढते.

पण तोंडी पाठाचे काय झाले, ते २०१९ मध्ये दिसले. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले आणि मोठा वाद झाला. जोडाक्षरी संख्यानामे मुलांना जड जातात, असे गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या. अडचण खरीच आहे. ९३ मध्ये डोळ्याला आधी नऊ दिसतो आणि जिभेला मात्र आधी तिनाचा ‘त्र्या’ उच्चारावा लागतो. परवच्यातल्या मुलाच्या कानावर ‘त्र्याण्णव’ हा शब्द तो अंक दिसण्याच्या कितीतरी आधी पडलेला असे. आजच्या पुष्कळ मुलांना नाव आणि अंक दोन्ही एकदमच पुस्तकात भेटतात. ज्या घरांत अजून जेवणाआधी उजळणी मोठ्याने म्हटली जाते, तिथली मुले एकोणऐंशीला अडत नाहीत.