नांदेडहून अमृतसर किती दूर?

विष्णुपुरीच्या विद्यापीठात शिक्षकांशी बोलताना आम्ही कधीकधी एक साधा प्रश्न विचारतो: नांदेडहून अमृतसर किती दूर? कोणी म्हणते दोन हजार किलोमीटर, कोणी दीड दिवस, तर कोणी दोन-सव्वादोन तास. उत्तरे सगळीच बरोबर असतात, पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची असतात.

पूर्वी अंतर आणि वेळ यांत असा भेद नव्हता. दिवसभराच्या वाटचालीला ‘मजल’ म्हणत आणि अंतरही मजलांतच सांगत. गुरू गोविंदसिंग १७०७ मध्ये आग्र्याहून बादशहा बहादुरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेकडे निघाले आणि १७०८ मध्ये नांदेडला पोचले. छावणीचा वेग बैलांवर, चाऱ्यावर आणि नद्यांच्या उतारांवर ठरे. पूर आला की तीच वाट लांब होई.

अंतराला वेळेपासून वेगळे केले ते भूमापनाने. १८०२ मध्ये लॅम्टनने मद्रासजवळ एक पायारेषा मोजली आणि त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे नेली. हिंगणघाटला १८२३ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढे एव्हरेस्टने काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पोचवले. आता प्रत्यक्ष चालून न जाताही दोन गावांतील अंतर काढता येऊ लागले.

ते आपणही काढू. नांदेड व अमृतसर यांच्या अक्षांशांत सुमारे १२.५ अंशांचा फरक आहे. एका अंशाचे १११ किलोमीटर धरता सुमारे १३९० किलोमीटर झाले. रेखांशांतील फरक २.५ अंश, या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०० किलोमीटरचा, म्हणजे २५० किलोमीटर. पायथागोरसच्या सिद्धांताने सरळ अंतर येते सुमारे १४१० किलोमीटर.

रेल्वे या रेषेवरून जात नाही. सचखंड एक्सप्रेस आधी पश्चिमेला मनमाड गाठते, मग भोपाळ, दिल्ली करत पंजाबात शिरते. म्हणून तिचा प्रवास दोन हजार किलोमीटरांवर जातो. नांदेडचा मार्ग मीटर गेज होता तोवर मनमाडला गाडीही बदलावी लागे. १९९०च्या दशकात रुंद मार्ग झाला आणि तो खोळंबा संपला.

२३ डिसेंबर २०१७ रोजी एअर इंडियाची नांदेड–अमृतसर थेट सेवा सुरू झाली. ताशी ८०० किलोमीटर वेगाने १४१० किलोमीटरांना पावणेदोन तास लागावेत. वेळापत्रकात मात्र जास्त वेळ धरावा लागतो, कारण धावपट्टीपर्यंतची चाल, चढण आणि उतरण यांत वेग कमी असतो. शिवाय हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेचे जोरदार वारे असतात. दक्षिणोत्तर मार्गावर ते आडवे येतात. विमानाचे नाक थोडे पश्चिमेला ठेवावे लागते आणि जमिनीच्या संदर्भातील वेग किंचित घटतो. त्यात अमृतसरचे धुके असले तर गणित पुरतेच कोलमडते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. विमाने थांबली, रेल्वे थांबली आणि पंजाबचे हजारो यात्रेकरू नांदेडला अडकले. एप्रिलअखेरीस ते बसगाड्यांनी परतू लागले. अंतर तेव्हाही १४१० किलोमीटरच होते. दोन तासांची वाट मात्र महिन्याची झाली होती.

वर्गात ‘अंतर भागिले वेग’ शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. अंतर पृथ्वीच्या आकारावरून ठरते. वेळ ठरते ती माणसाने उभारलेल्या, आणि कधी बंद पडणाऱ्या, व्यवस्थेवरून.