सख्यासागरचे पाणी

आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांपैकी शिवपुरीची सहल न केलेले कुटुंब विरळाच. महाराणी सख्याराजेंची छत्री, समोर माधव महाराजांची छत्री, मग तलावाकाठी सेलिंग क्लबवर फोटो. मगर दिसली की पोरे खूश. तो तलाव म्हणजे सख्यासागर, तिकडच्या बोलीत चांदपाठा.

शिवपुरी ही शिंदे सरकारची उन्हाळी राजधानी. भोवतीचे जंगल मात्र कोरडे, करधईचे. आपल्या धावड्याच्याच कुळातले हे झाड उन्हाळ्यात वाळल्या काटक्यांसारखे उभे असते. टेकडीवरचे जॉर्ज कॅसल १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या मुक्कामासाठी बांधले. त्यांना वाटेतच वाघ मिळाला आणि ते मुक्कामाला आलेच नाहीत, असे सांगतात. एका रात्रीच्या पाहुण्यासाठी केवढा खटाटोप! महाराजांचे टिकाऊ काम त्यानंतरचे. १९१८ साली मनियर नदी अडवून तलाव केला आणि त्याला आईचे नाव दिले. वर शहरात जाधवसागर, खाली माधवसागर. वरचा भरला की पाणी सांडव्यावरून खालच्यात. या पाण्यावर जंगलातली जनावरे जगली आणि शिवपुरीच्या नळांनाही पुढे बरीच वर्षे तेच आले.

आता पाहुणे पुष्कळ. २०२२ मध्ये सख्यासागर रामसर यादीत गेला, २०२५ मध्ये माधव राष्ट्रीय उद्यान व्याघ्र प्रकल्प झाले. पर्यटक सगळे पाणी पिऊन टाकतील, अशी ओरड ऐकू येते. माझी नोकरी पाण्याच्या खात्यातली, म्हणून हिशेब मांडला. तलाव सुमारे २४८ हेक्टरचा. भर उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटीमीटर वाफ धरली, तर भरल्या तलावातून रोज जवळपास अडीच कोटी लिटर पाणी उडते. शहरी माणसामागे आम्ही दिवसाला १३५ लिटर धरतो. हजार पाहुणे मुक्कामी राहिले तरी एक लाख पस्तीस हजार लिटर. म्हणजे वाफेच्या शंभरातला एक भागही नाही.

धोका पिण्यात नाही, सोडण्यात आहे. तीन तलावांची जी साखळी पावसाचे पाणी उतरवायला केली, तिच्यातूनच आज शहराचे सांडपाणी जाधवसागरमार्गे सख्यासागरात उतरते आणि जलपर्णी माजते. उडते ते नुसते पाणी, घाण खालीच राहते. त्यामुळे पावसाळा हुकला की तलाव आटतो आणि दाटही होतो. नवीन हॉटेलाला परवानगी देताना पाणी कुठून घेणार, हे विचारतात. त्याआधी ते कुठे सोडणार, हे विचारायला हवे.

गेल्या मे महिन्यात शहरात एका ठिकाणी उतरलो होतो. चहा घेताना मालकांना सहज विचारले, "तुमचं सांडपाणी कुठे जातं?" त्यांनी हसून खिडकीबाहेरचा उतार दाखवला.