७ जून : चित्रकार आणि गॅलरीचालक डेमियन हर्स्ट

ब्रिटिश चित्रकार डेमियन हर्स्ट यांचा जन्म ७ जून १९६५ रोजी ब्रिस्टल येथे झाला. बालपण लीड्समध्ये गेले. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात शिकत असतानाच १९८८ मध्ये त्यांनी गोदी भागातील एका रिकाम्या इमारतीत सहाध्यायांच्या कामांचे ‘फ्रीझ’ हे प्रदर्शन भरवले. फॉर्मल्डिहाइडने भरलेल्या काचेच्या पेटीतला, जबडा उघडलेला त्यांचा टायगर शार्क (१९९१) जगभर गाजला. मूळ मासा कुजत गेल्याने २००६ मध्ये त्या जागी दुसरा बसवावा लागला. रंगीत ठिपक्यांची चित्रेही तितकीच प्रसिद्ध. १९९५ मध्ये टर्नर पुरस्कार. सप्टेंबर २००८ मध्ये गॅलऱ्यांना वगळून त्यांनी नव्या कलाकृती थेट सदबीजच्या लिलावात मांडल्या. दोन दिवसांत सुमारे ११ कोटी पौंडांची विक्री झाली.

पैशांच्या या चर्चेत त्यांचे एक मोलाचे काम झाकोळले जाते. दक्षिण लंडनच्या व्हॉक्सहॉल भागात, जिथे पूर्वी नाटकांचे पडदे रंगवले जात, त्याच जुन्या इमारतींत त्यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये न्यूपोर्ट स्ट्रीट गॅलरी उघडली. प्रवेश विनामूल्य. पहिले प्रदर्शनही स्वतःचे नव्हे, तर अमूर्त चित्रकार जॉन हॉयलंड यांचे भरवले. पुढच्याच वर्षी या वास्तूला स्थापत्यकलेतील मानाचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला.